नोकरी सोडलेल्या आईच्या नजरेतून गावची अंगणवाडी

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात दोन अंगणवाड्या आहेत. त्यांपैकी जुन्या वस्तीत, मारुतीच्या पारामागे भरणाऱ्या अंगणवाडीत माझी मुलगी जाते. ती पोटात असताना माझी नोंद तिथेच झाली, तिचे वजन तिथेच होत आले, लसी तिथेच मिळाल्या आणि आता ती रोज सकाळी तिथे बसायला जाते. त्यामुळे या सेवेचे जवळजवळ सगळे टप्पे मी स्वतः अनुभवले आहेत. मूल झाल्यावर नोकरी सोडून गावी राहावे का, असे माझ्या ओळखीच्या अनेक मुली मला विचारतात. सासूबाईंची मदत होते का, शेतीच्या उत्पन्नात भागते का, पुढे परत नोकरी मिळेल का, हे सगळे त्या विचारतात. गावातली अंगणवाडी कशी चालते, हे मात्र आजवर कोणीच विचारलेले नाही. माझ्या मते तो प्रश्न अगदी सुरुवातीला विचारायला हवा, कारण पूर्णवेळ आई होण्यासाठी काय सोडावे लागते आणि त्यातून काय हाती येते, हे त्या एका खोलीत जितके स्पष्ट दिसते तितके दुसरीकडे कुठेच दिसत नाही. म्हणून हा सविस्तर अभिप्राय.

मी जिल्ह्याच्या ठिकाणी एका वित्तसंस्थेच्या शाखेत कर्ज विभागात काम करीत होते. काम आवडीचे होते आणि बढतीही टप्प्यात आली होती. बाळंतपणासाठी मला कायद्याप्रमाणे २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठीची रजा १२ वरून २६ आठवड्यांवर गेली, आणि ज्या बाईने ती घेतली आहे तिलाच तिचे मोल ठाऊक. परंतु त्यातले काही आठवडे बाळंतपणाआधीच खर्ची पडतात आणि बाळ सहा महिन्यांचे होण्याआधीच कामावर हजर होण्याची तारीख येते. नेमक्या याच सहा महिन्यांत बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही देऊ नये, असे गावातल्या आशाताईपासून जागतिक आरोग्य संघटनेपर्यंत सगळे सांगतात. मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत दूध पाजण्यासाठी दिवसातून दोनदा सुटी द्यावी, अशीही तरतूद कायद्यात आहे. पण घर आणि शाखा यांच्यामध्ये एसटीचा तासाभराचा रस्ता असेल, तर त्या तरतुदीचा बाळाला उपयोग होत नाही. पाळणाघराची सक्ती ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनाच आहे आणि आमच्या शाखेत तर माणसे बोटांवर मोजण्याइतकी. शहरात जी खासगी पाळणाघरे मी पाहिली, त्यांत इतके लहान मूल घ्यायला कोणी तयार नव्हते. गावाजवळच्या शाखेत बदली मागितली, ती मिळाली नाही. त्यानंतर मी राजीनामा दिला.

या निर्णयाचा हिशेब स्पष्ट मांडायला हवा, कारण त्याविषयी आपल्याकडे फार मोघम बोलले जाते. पगार जातो हे सर्वांना दिसते. भविष्य निर्वाह निधीत मालकाकडून जमा होणारा हिस्सा थांबतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. कर्मचारी पेन्शन योजनेत पेन्शनचा हक्क मिळण्यासाठी दहा वर्षांची सेवा लागते. ती भरण्याआधी बाहेर पडलेल्या बाईने पुढे दुसरीकडे नोकरी धरून आधीची वर्षे जोडून घेतली नाहीत, तर म्हातारपणाचा तो आधार जातो. सेवाज्येष्ठता तुटते ती तर तुटतेच. दुसऱ्या बाजूला, घरात राहून आई जे करते ते रुपयांत बसत नाही म्हणून मोजायचेच नाही, हेही मला मान्य नाही. सर्वोच्च न्यायालयाने लता वधवा खटल्यात २००१ मध्ये, आगीत मृत्यू पावलेल्या गृहिणींच्या भरपाईचा हिशेब करताना त्यांच्या घरातील सेवेचे मोल महिना ३,००० रुपये धरले होते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ वापर सर्वेक्षणात, घरची बिनमोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया दिवसाकाठी त्यांवर सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि ही कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे आढळले. मुलाबाळांच्या व घरातल्या इतरांच्या देखभालीत हेच आकडे १३४ आणि ७६ मिनिटे होते. हे आकडे वेळ किती गेला ते सांगतात. त्या वेळेत नेमके काय करायचे असते आणि ते नीट होते आहे की नाही, हे मला अंगणवाडीत कळले.

माझी मुलगी दहा महिन्यांच्या आसपास असतानाची गोष्ट आहे. ती हसतीखेळती होती, ताप-खोकला नव्हता, आणि घरातले सगळे 'नाजूक अंगाची आहे, बापावर गेली' असे म्हणत होते. महिन्याच्या वजनाच्या दिवशी अंगणवाडीच्या ताईंनी तिला काट्याच्या झोळीत बसवले, काटा स्थिर होईपर्यंत एका हाताने तिचा पाय हलकेच धरून ठेवला, आकडा वहीत लिहिला आणि माझ्या हातातले माता बाल संरक्षण कार्ड मागून घेतले. कार्डावरच्या आलेखात मुलींसाठी आणि मुलांसाठी वेगवेगळ्या रेषा असतात. वाढ ठीक असेल तर ठिपके हिरव्या पट्ट्यात वर चढत जातात. ताईंनी नवा ठिपका दिला आणि मागच्या ठिपक्यांना जोडला. ठिपका हिरव्यातच होता, पण रेषा वर न जाता आडवी पडली होती. मी हिरवा रंग पाहून निर्धास्त झाले होते. ताई म्हणाल्या, "रंग नोका पाहू वहिनी, रेघ पाहा. दोन महिन्यांपासून रेघ चढलीच नाही." मग त्यांनी कप्प्यातून रंगीत पट्टी काढली आणि मुलीच्या डाव्या दंडाला मध्यावर गुंडाळली. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, त्याच्या वर साडेबारापर्यंत पिवळा, पुढे हिरवा, अशी ती दंडघेराची पट्टी असते. घेर हिरव्यात आला. काळजीचे कारण नव्हते, पण ताईंनी तेवढ्यावर सोडले नाही. दिवसातून किती वेळा खाऊ घालता, वाटी केवढी, वरणाचे पाणी देता की डाळ घोटून देता, वरून तेल-तूप घालता का, हे त्यांनी एकेक करून विचारले.

त्या चौकशीतून असे निघाले की मी पूर्ण दिवस घरी असूनही मुलीला दिवसातून दोनदाच, तेही पातळ वरणभात भरवीत होते, कारण घरातल्या मोठ्यांची जेवणे दोनदाच होतात आणि तीच पद्धत तिच्यासाठीही चालू होती. नऊ महिन्यांनंतर बाळाला तीन ते चार वेळा घट्टसर जेवण आणि मध्ये एखाद-दोन वेळा काहीतरी लहानसे खायला लागते, कारण त्याचे पोट लहान असते आणि वाढीची गरज मोठी. ताईंनी सांगितल्याप्रमाणे तुरीच्या घट्ट डाळीत भात कुस्करून, वर चमचाभर तेल किंवा तूप घालून, मध्ये केळे किंवा शेंगदाण्याच्या कुटाचा लाडू मऊ करून, असे सुरू केले. एकेक भरवण्याला अर्धा-पाऊण तास लागे. बाळ तोंड फिरवते, खेळते, परत वळते, तेव्हा पुढचा घास जातो. पुढच्या दोन महिन्यांत रेघ वर चढू लागली. नोकरी सोडल्याचे मोल कशात असते असे कोणी मला विचारले, तर मी या अर्ध्या-पाऊण तासाकडे बोट दाखवते. पण तो वेळ कशासाठी वापरायचा हे अंगणवाडीने दाखवले नसते, तर मी घरी असूनही तो वाया गेला असता. आई घरी बसली की मूल आपोआप नीट वाढते, ही समजूत आपल्या घरांत फार पक्की आहे आणि ती खरी नाही.

कागदावर अंगणवाडीच्या सहा सेवा सांगितल्या जातात: पूरक पोषण, पूर्वशालेय शिक्षण, पोषण व आरोग्य शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भ सेवा, म्हणजे गरज पडल्यास पुढच्या दवाखान्यात पाठवणे. यांपैकी लसीकरणाविषयी माझी एकही तक्रार नाही. महिन्यातून एक ठरलेला दिवस असतो, उपकेंद्रातली नर्सताई येते, आशाताई आदल्या संध्याकाळी घरी येऊन आठवण देते आणि कोणत्या बाळाची कोणती लस राहिली आहे हे वहीत नोंदलेले असते. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी, नवव्या महिन्यातली गोवर-रुबेलाची लस, अ जीवनसत्त्वाचा डोस, वर्षानंतर जंताची गोळी, हे सगळे माझ्या मुलीला वेळेवर आणि विनामूल्य मिळाले. खासगी दवाखान्यात जाणाऱ्या माझ्या शहरातल्या मैत्रिणींच्या मुलांपेक्षा माझ्या मुलीची कुठलीही लस उशिरा झालेली नाही, हे मी समाधानाने नमूद करते.

आहाराविषयी मात्र संमिश्र मत आहे. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरी नेण्यासाठी पाकिटे मिळतात. नियमाप्रमाणे सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला वर्षातले ३०० दिवस पूरक आहार मिळायला हवा. अति तीव्र कुपोषित मुलासाठी त्याचे प्रमाण जास्त आहे, आणि २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने तो हक्क केलेला आहे. प्रत्यक्षात पाकिटातले तयार मिश्रण माझ्या मुलीने कधी आवडीने खाल्ले नाही. त्याला येणारा वास तिला नकोसा होता आणि गावातल्या आणखी पुष्कळ घरांत ती पाकिटे मोठी माणसे संपवतात किंवा ढोरांच्या आंबोणात जातात, हे सर्वांना ठाऊक आहे. ज्या पोषणासाठी सरकार खर्च करते ते मुलाच्या पोटात जात नसेल, तर पाकिटाची नोंद पूर्ण झाल्याने काही साधत नाही. त्याउलट तीन वर्षांनंतर अंगणवाडीत बसून मिळणारा गरम ताजा आहार खरोखर चांगला आहे. आमच्या मदतनीस मावशी मटकी आदल्या रात्री घरीच भिजत घालतात आणि सकाळी मोड आलेली मटकी पदराखाली झाकून आणतात, कारण खोलीत उंदीर आहेत. मूग-तांदळाची खिचडी, मटकीची उसळ, कधी लापशी, असा आठवडा असतो. घरी मटकीकडे ढुंकूनही न पाहणारी माझी मुलगी तिथे दहा मुलांच्या पंगतीत ताट साफ करते. कितीही वेळ दिला तरी ही पंगत मला घरी मांडता आली नसती.

अंडी मात्र आमच्या मुलांना मिळत नाहीत. आदिवासी क्षेत्रातल्या अंगणवाड्यांत डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून मुलांना अंडी किंवा केळी दिली जातात. आमचे गाव त्या क्षेत्रात बसत नाही. आमच्या गावातली गरिबी आणि मुलांच्या दंडांचे घेर पाहता ही सोय इथेही मिळावी, असे मला मनापासून वाटते.

पूर्वशालेय शिक्षणासाठी महाराष्ट्रात 'आकार' नावाचा अभ्यासक्रम आहे आणि आमच्या ताई तो मनापासून राबवतात. भिंतीवरच्या तक्त्यांपेक्षा त्यांचा भर हाताने करायच्या गोष्टींवर असतो. चिंचोके मोजणे, तुरीचे आणि सोयाबीनचे दाणे वेगळे करणे, ओल्या मातीचे बैल करणे, बडबडगीते, उड्या. तान्ह्या पोळ्याला मुलांनी घरून लाकडी नंदी आणले, अंगणवाडीत ते सजवले आणि गावातून मिरवले. त्या तयारीत मुले आठवडाभर कातरणे, चिकटवणे, रंग ओळखणे हे सगळे करीत होती आणि कुणाला शिकवल्यासारखे वाटले नाही. शहरातल्या माझ्या नात्यातल्या एका मुलाला याच वयात रोज ओळी गिरवायचा गृहपाठ असतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा टप्पा पायाभूत मानून त्यात खेळातून शिकण्यावर भर दिला आहे, आणि आमची अंगणवाडी त्या बाबतीत महागड्या नर्सरीपेक्षा उजवी आहे. गावातले काही पालक इंग्रजी अक्षरे शिकवत नाहीत म्हणून मुले काढून तालुक्याच्या नर्सरीच्या व्हॅनमध्ये बसवतात, याचे मला वाईट वाटते.

पूर्णवेळ आईच्या दृष्टीने या सेवेचा आणखी एक मोठा उपयोग आहे. नोकरी सोडल्यावर पैशापेक्षाही जी गोष्ट मला जड गेली ती म्हणजे कामाच्या ठिकाणचे बोलणे बंद होणे. दिवसभर बाळाशी बोलून संध्याकाळी मोठ्या माणसाशी बोलायला शब्द सापडत नाहीत, अशी अवस्था येते. महिन्याच्या आरोग्य-पोषण दिवशी आणि रोज मूल सोडताना-आणताना तिथे जमणाऱ्या बायकांमुळे मला पुन्हा माणसांत आल्यासारखे झाले. सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळेत मी विश्रांती घेते, शेतीचे हिशेब पाहते, बचत गटाची वही लिहिते. मुलीलाही आईखेरीज दुसऱ्या कोणावर विश्वास टाकायची सवय होते. आईने सगळा वेळ मुलाला दिला म्हणजे मुलाला सगळे मिळाले, असे नसते.

इथवर वाचून वाटेल की ही सेवा उत्तम आहे. माझ्यापुरती ती उत्तमच्या जवळपास आहे. परंतु त्याच खोलीत माझ्या मुलीशेजारी बसणाऱ्या मुलाच्या आईसाठी ती अर्धीच आहे, आणि या अभिप्रायात मला सर्वाधिक जोर याच मुद्द्यावर द्यायचा आहे. ती शेजारीण मजुरीला जाते. पावसाळ्यात निंदण, ऑक्टोबरपासून कापसाची वेचणी, मध्ये सोयाबीनची सोंगणी, पुढे तूर. वेचणी किलोवर असते. जितका कापूस वेचला तितके पैसे. वावरातून पाच-साडेपाचला परतणाऱ्या बाईचे मूल दुपारी दोनला अंगणवाडीतून सुटते. मोठी बहीण असेल तर ती शाळा बुडवून घरी थांबते, नाहीतर मूल धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, झाडाला बांधलेल्या झोळीत असते किंवा पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, तासांत आईमागे उन्हात फिरते, जिथे फवारणीचे डबे पडलेले असतात. नोकरी सोडायची की नाही, असा विचार मी किती दिवस करीत होते, हे तिने पाहिले होते. एकदा तिने मला विचारले, "वहिनी, तुम्ही सोडली, बरं केलं. मी काय सोडू? रोजी सोडली तं रात्री चूल कशी पेटन?"

मातृत्वासाठी काम सोडणे हा निवडीचा प्रश्न आमच्या गावात फार थोड्या घरांत येतो. २६ आठवड्यांच्या रजेचा कायदा वावरात लागू होत नाही. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये आणि दुसरे अपत्य मुलगी असेल तर ६,००० रुपये मिळतात. ती मदत आहे, पण तिने सहा महिन्यांची मजुरी भरून निघत नाही. रोजगार हमीच्या कामावर पाच वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले आईंबरोबर येत असतील, तर त्यांना सांभाळण्यासाठी त्यांच्यातल्याच एका बाईला मजुरी देऊन बसवावे, असा नियम आहे. खासगी वावरात असा कोणताही नियम नाही. म्हणून दोन वाजता बंद होणारी अंगणवाडी ज्या आईला सर्वांत जास्त हवी आहे तिलाच सर्वांत कमी मिळते, आणि मला, जिने आधीच आपला सगळा दिवस मुलीला दिला आहे, ती पुरून उरते. ही उलटी रचना आहे.

यात ताईंचा दोष नाही. त्यांनी कितीही ठरवले तरी दोननंतर त्यांना घरोघरी भेटी द्यायच्या असतात, मोबाइलवर पोषण ट्रॅकरमध्ये नोंदी करायच्या असतात, सभा असतात, सर्वेक्षणे असतात. गावात रेंज मिळत नाही म्हणून त्या पाराच्या ओट्यावर चढून नोंदी भरतात. केंद्र सरकारने २०१८ मध्ये सेविकांच्या मानधनातला आपला हिस्सा ३,००० वरून ४,५०० रुपये केला. राज्य आपली भर घालते आणि महाराष्ट्रात २०२३ मध्ये सेविकांचे एकूण मानधन ८,३२५ वरून १०,००० रुपयांवर आले. त्यानंतरही ते वाढले आहे, पण ते मिळवण्यासाठी त्यांना डिसेंबर २०२३ मध्ये संपावर जावे लागले आणि जानेवारीपर्यंत अंगणवाड्या बंद राहिल्या. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ साली सांगावे लागले. गावातली वीस-पंचवीस मुले जेवूखाऊ घालून, वजन करून, बोलते करून सांभाळणारी बाई आजही 'मानसेवी' मानली जाते. घरात एका मुलासाठी मी जे करते त्याला मोल द्या असे म्हणताना, तेच काम गावासाठी करणाऱ्या बाईला आपण काय देतो, हे आधी पाहायला हवे.

'अंगणवाडी' ही कल्पना ज्यांच्या कामातून आली, त्या ताराबाई मोडक काही वर्षे आमच्या विदर्भात, अमरावतीला राहिल्या होत्या. पुढे राजकोटच्या महिला अध्यापन संस्थेचे प्राचार्यपद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालशिक्षणाच्या कामात गेल्या आणि नंतर अनुताई वाघ यांच्या साथीने बोर्डी व कोसबाड इथे त्यांनी आदिवासी मुलांच्या अंगणात जाऊन शाळा भरवली. त्यांनी मोठे पद सोडले, पण मुलांना वाढवणे हे अभ्यासाचे, कौशल्याचे काम आहे असे मानून सोडले. अंगणवाड्या जिच्यातून चालतात ती एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली तेव्हा देशातल्या पहिल्या ३३ प्रकल्पांत मेळघाटातले धारणी होते. इतका जुना वारसा ज्या प्रदेशाला आहे, तिथे आज अंगणवाडीच्या शौचालयाला पाणी नसावे हे शोभत नाही. आमच्या अंगणवाडीची ती दुरुस्ती रखडलेली आहे. उन्हाळ्यात वेळ सकाळची होते, तरीही टिनाखाली नऊनंतर बसवत नाही; एक पंखा आहे, तो वीज असेल तेव्हा फिरतो. खेळणी पेटीत कुलूपबंद राहत नाहीत, ही चांगली गोष्ट आहे.

माझा एकूण अभिप्राय असा. लसीकरण, वाढीचे मोजमाप, ताईंचा सल्ला आणि पूर्वशालेय वर्ग यांसाठी ही अंगणवाडी मी कोणालाही निःसंकोच सुचवीन. घरी नेण्याची पाकिटे सुधारायला हवीत. इमारत आणि पाणी यांत ती कमी पडते. वेळेच्या बाबतीत कष्टकरी आईसाठी ती अपुरी आहे आणि यावर उपाय उपलब्ध आहे: केंद्र सरकारच्या महिलांसाठीच्या 'मिशन शक्ती' कार्यक्रमातील पाळणा योजनेत अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर चालवता येते, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी, दिवसाला साडेसात तास आणि महिन्याला २६ दिवस. आमच्या बचत गटाने ग्रामसभेत तशी मागणी मांडली, ठराव झाला आणि तो बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयात दिला आहे. तो मंजूर झाला तर वेचणीच्या दिवसांत दुपारचे दोन तास मी तिथे बसण्याची तयारी दाखवली आहे.

ज्या मुली नोकरी सोडून गावी येण्याचा विचार करीत आहेत, त्यांनी राजीनामा देण्याआधी गावच्या अंगणवाडीत एकदा लसीकरणाच्या दिवशी आणि एकदा साध्या दिवशी जाऊन बसावे. काटा चालू आहे का, आलेख भरला जातो का, ताई आईला प्रश्न विचारतात का, आहार रोज शिजतो का आणि मुले रडत बसतात की खेळत असतात, हे पाहावे. नोंदणी गरोदरपणातच, पहिल्या तीन महिन्यांत करावी. आधार कार्ड, बँक पासबुक आणि माता बाल संरक्षण कार्ड बरोबर न्यावे. बाळंतपण माहेरी होणार असेल तर तसे ताईंना आधी सांगावे, म्हणजे लसींची आणि आहाराची नोंद तिकडच्या अंगणवाडीत वळवता येते.